हवामान, महासागर आणि विद्यापीठे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हवामान आणि महासागर यांवर विद्यापीठांमध्ये जे संशोधन चालते, त्याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांतील मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत. सर्व प्रश्नांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे खोलात जाण्यासारखे काही होते तिथे अधिक थांबलो आहे.

प्रश्न : प्रत्येक देशात सरकारी हवामान खाते असते. त्याच्याकडे उपग्रह, रडार आणि महासंगणक असतात. मग विद्यापीठांनी त्याच विषयावर वेगळे संशोधन करून पैसा का खर्चावा?
— एक सेवानिवृत्त अभियंता

उत्तर : हवामान खात्याचे काम घड्याळाशी बांधलेले असते. उद्याचा अंदाज आज ठरलेल्या वेळी द्यावाच लागतो, आणि तो देण्यासाठी हाती असलेली पद्धत, तिच्या उणिवा ठाऊक असूनही, वापरावी लागते. विद्यापीठातील संशोधकावर ही सक्ती नसते. ती पद्धत नेमकी कुठे आणि का फसते हा प्रश्न घेऊन तो वर्षानुवर्षे बसू शकतो, आणि उत्तर मिळायला दहा वर्षे लागली म्हणून एखादे विमान धावपट्टीवर अडकून पडत नाही.

गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. येता मॉन्सून कसा असेल हे आधी सांगता यावे, यासाठी त्यांनी जगभरातील वेधशाळांच्या नोंदी गोळा करून त्यांचे परस्परसंबंध तपासले, आणि पॅसिफिक महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो व तिकडे घटला की इकडे वाढतो, असे त्यांच्या लक्षात आले. या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी दोलन असे नाव दिले. हे का घडते ते मात्र त्यांना सांगता आले नाही, आणि कारण सांगता येत नसल्यामुळे त्यांच्या निष्कर्षाकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. कारण सापडायला १९६९ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत काम करणारे याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवून दिले की, विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पॅसिफिकचे उबदार पाणी पश्चिमेकडे लोटतात, त्यामुळे पूर्वेला खालचे थंड पाणी वर येते, आणि पूर्व-पश्चिम तापमानातील हा फरकच त्या वाऱ्यांना पुन्हा बळ देतो. वारे मंदावले की फरक कमी होतो, फरक कमी झाला की वारे आणखी मंदावतात, आणि एल निनोची स्थिती तयार होते. पेरूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले कोमट पाणी आणि वॉकर यांचे दाबाचे आकडे या एकाच घडामोडीच्या दोन बाजू निघाल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट संशोधन केंद्रातील मार्क केन आणि स्टीफन झेबियाक यांनी हे नाते समीकरणांत बसवले आणि १९८६ साली एल निनोचा अंदाज तो येण्याआधीच प्रसिद्ध केला. तो खरा ठरला. हवामान खाती आज जे हंगामी अंदाज देतात, त्यांच्या पायाशी हे काम आहे.

यावरून विद्यापीठे श्रेष्ठ आणि खाती केवळ आकडे जमवणारी, असा अर्थ काढू नये. वॉकर यांना संबंध शोधता आले, कारण कुठल्या कुठल्या वेधशाळांतील निनावी कर्मचाऱ्यांनी रोज ठरलेल्या वेळी वायुभारमापक वाचून आकडा लिहून ठेवला होता. विद्यापीठांना ही शिस्त सहसा जमत नाही. ती का जमत नाही हे पुढच्या उत्तरात येईल. या कामाच्या वाटणीचे फळ मोजताही येते. मध्यम पल्ल्याच्या अंदाजाची विश्वासार्हता गेल्या काही दशकांत दर दशकाला साधारण एका दिवसाने वाढत आली, म्हणजे दहा वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या अंदाजावर जेवढा भरवसा ठेवता येत होता तेवढा दहा वर्षांनंतर सहा दिवसांच्या अंदाजावर ठेवता येऊ लागला.

प्रश्न : एकाच ठिकाणी साठ-सत्तर वर्षे एकच गोष्ट मोजत राहणे, याला संशोधन म्हणावे का? आमच्या विषयात असा प्रस्ताव कोणी मांडला तर तो पहिल्याच बैठकीत फेटाळला जाईल.
— पदवीच्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक

उत्तर : तुमचाच प्रश्न अनुदान देणाऱ्या संस्थांनी चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांना वारंवार विचारला होता, आणि तेही तुमच्यासारखेच रसायनशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत काम करताना त्यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या वेधशाळेत, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सतत मोजण्यास आरंभ केला. त्या काळी असा समज होता की हे प्रमाण जागोजागी आणि दिवसागणिक इतके बदलते की त्याची जागतिक सरासरी काढण्यात अर्थ नाही. कीलिंग यांनी काटेकोर उपकरण वापरले, वस्त्या आणि झाडी यांपासून दूरची जागा निवडली, ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूने बिघडलेली निरीक्षणे वेगळी काढली, आणि ती धांदल नाहीशी झाली. पहिले मापन दहा लाख भागांत ३१३ भाग असे होते.

पहिल्या वर्षीच एक गोष्ट दिसली. प्रमाण मे महिन्यापर्यंत वाढले, नंतर शरद ऋतूपर्यंत घटले आणि पुन्हा वाढू लागले. उत्तर गोलार्धातील वनस्पती वसंत-ग्रीष्मात कार्बन शोषून घेतात आणि पानगळीनंतर तो परत सोडला जातो, त्याचा हा लेखी पुरावा होता. दुसऱ्या वर्षी तोच आकार आला, फक्त किंचित वरच्या पातळीवर. वाढ सिद्ध करण्यासाठी एवढे पुरेसे होते, आणि इथेच थांबायला हवे होते असे म्हणणारे तेव्हाही होते. १९६४ साली निधीच्या कपातीमुळे मापन काही महिने बंदही पडले; आलेखातली ती फट आजही दिसते.

थांबले असते तर काय कळले नसते, ते पाहा. १९६०च्या दशकाच्या आरंभी प्रमाण दरवर्षी एका भागाहून कमी वाढत होते, तर अलीकडच्या दशकात ते दरवर्षी दोन भागांहून अधिक वाढत आहे; वाढीचा वेगच वाढला आहे, ही गोष्ट पाच वर्षांच्या नोंदीत दिसत नाही. एल निनोच्या वर्षांत ही वाढ अधिक होते, कारण उष्ण कटिबंधातील जंगले दुष्काळात कमी कार्बन शोषतात व अधिक जळतात, हे कळायला अनेक एल निनो यावे लागतात. उत्तरेकडील ऋतुचक्राचा झोका पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे, हे कळायला काही दशके लागली. २०१३ साली या ठिकाणच्या प्रमाणाने प्रथमच ४०० चा आकडा ओलांडला आणि आता ते ४२० च्याही पुढे आहे. वाढलेला कार्बन जमिनीखालच्या इंधनातलाच कशावरून, या शंकेचे उत्तरही अशाच चिकाटीच्या मापनातून मिळाले. लाखो वर्षे गाडल्या गेलेल्या इंधनात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, त्यामुळे ते जाळले की हवेतील त्याचा वाटा पातळ होतो. शिवाय ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, आणि कीलिंग यांचे पुत्र राल्फ कीलिंग यांनी हवेतील ऑक्सिजन त्या हिशेबाने घटत असल्याचे मोजून दाखवले. ज्वालामुखी किंवा तापलेला समुद्र यांतून कार्बन आला असता तर ही दोन्ही चिन्हे अशी जुळली नसती.

तुमच्या पत्रातील दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. विद्यापीठातील अनुदाने तीन ते पाच वर्षांची असतात, बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, आणि दीर्घ नोंद ठेवणारा संशोधक पहिल्या दशकात सांगण्यासारखे फारसे काही हाती देऊ शकत नाही. माझ्या मते विद्यापीठांच्या व्यवस्थेतील हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि कीलिंग यांचा आलेख त्या व्यवस्थेमुळे नव्हे, तर तिच्याशी आयुष्यभर झगडून टिकला.

प्रश्न : उपग्रहाला समुद्राचा फक्त पृष्ठभाग दिसतो. मग दीड-दोन किलोमीटर खोलीवरचे तापमान कोण मोजते आणि कसे?
— माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या एक शिक्षिका

उत्तर : विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हे काम मुख्यतः जहाजांवरून होई. जहाज थांबवायचे, तारेला बांधलेली उपकरणे खाली सोडायची, वर ओढायची आणि पुढे निघायचे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगप्रदक्षिणा करताना सुमारे ३०० ठिकाणी अशी खोल पाण्याची तापमाने घेतली होती. पण जहाजे ठरावीक मार्गांनी जातात, खराब हवेत बंदरात थांबतात, आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात हिवाळ्यात तर जवळजवळ कोणीच जात नसे. त्यामुळे दक्षिण गोलार्धातील महासागरांचे आपले ज्ञान प्रामुख्याने उन्हाळ्याचे ज्ञान होते.

१९९९ पासून उभ्या राहिलेल्या ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने हे चित्र पालटले. यात विद्यापीठे, समुद्रविज्ञान संस्था आणि सरकारी खाती यांचा एकत्रित सहभाग आहे. माणसाच्या उंचीच्या आसपासचे नळकांडे समुद्रात सोडले जाते. ते १,००० मीटर खोलीवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते, ठरलेल्या दिवशी २,००० मीटरपर्यंत उतरते, आणि तिथून वर येताना तापमान, दाब व क्षारता मोजत येते. वर-खाली जाण्यासाठी त्याला पंख्याची गरज लागत नाही. आतील तेल बाहेरच्या लवचीक पिशवीत ढकलले की त्याचे वजन तेवढेच राहून आकारमान वाढते आणि ते वर येते. तेल परत आत घेतले की बुडते. पृष्ठभागावर आल्यावर ते उपग्रहाकडे नोंद पाठवते आणि पुन्हा खाली जाते. हे चक्र सुमारे दहा दिवसांचे असते, आणि बॅटरी संपेपर्यंत काही वर्षे ते चालू राहते. नोव्हेंबर २००७ मध्ये अशा यंत्रांची संख्या ३,००० झाली, आणि आज सुमारे ४,००० यंत्रे जगभरच्या समुद्रांत आहेत. त्यांची निरीक्षणे बहुतेक वेळा चोवीस तासांच्या आत कोणालाही विनामूल्य मिळतात. तुमच्या विद्यार्थ्यांनाही ती पाहता येतील.

स्क्रिप्स संस्थेतील डीन रोमिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘चॅलेंजर’च्या तापमानांची आर्गोच्या तापमानांशी तुलना केली, आणि त्या ठिकाणी पृष्ठभागापासून ७०० मीटरपर्यंतचे पाणी सरासरी ०.३३ अंश सेल्सिअसने तापलेले आढळले. आकडा लहान दिसतो, पण पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता हवेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे एवढ्या तापमानवाढीसाठी प्रचंड ऊर्जा लागते. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता महासागरांत जाते, हे आपण खात्रीने सांगू शकतो ते अशा मापनांमुळे.

नोंद सलग नसली की काय होते, याचे उदाहरण अटलांटिक महासागरात सापडते. तिथे उबदार पाणी वरून उत्तरेकडे आणि थंड पाणी खोलातून दक्षिणेकडे वाहते. २००५ साली साउदम्प्टन येथील संशोधकांनी १९५७ ते २००४ या काळातील पाच जहाजी सफरींच्या निरीक्षणांवरून हा प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी मंदावल्याचे मांडले, आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. मात्र २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर तळाला नांगरलेल्या उपकरणांनी सतत मापन सुरू केले, तेव्हा एकाच वर्षात हा प्रवाह सेकंदाला सुमारे ४० लाख घनमीटरपासून साडेतीन कोटी घनमीटरपर्यंत बदलतो असे दिसले. एवढ्या चढउतारात पाच सफरींवरून पन्नास वर्षांचा कल ठरवणे धोक्याचेच होते. प्रवाह पुढे मंदावेल असे बहुतेक प्रारूपे, म्हणजे समीकरणांवरून संगणकात उभ्या केलेल्या हवामान-महासागराच्या प्रतिकृती, सांगतात, आणि तो प्रश्न गंभीर आहे. पण तो कधी व किती मंदावेल हे सांगण्यासाठी सलग नोंद हवी, आणि ती आता कुठे वीस वर्षांची झाली आहे.

प्रश्न : महासागर एवढी उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेत असतील, तर ते आपल्या फायद्याचेच नाही का?
— एक वाचक

उत्तर : हवेच्या दृष्टीने फायद्याचेच आहे. पण तापलेले पाणी प्रसरण पावते आणि समुद्राची पातळी वाढवते, पोवळ्यांचे खडक पांढरे पडतात, आणि वरचा थर हलका झाल्याने खालच्या पाण्याशी त्याचे मिसळणे कमी होऊन खोलातील ऑक्सिजन घटतो. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू समुद्रात विरघळतो आणि त्यामुळे पृष्ठभागाचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ही मोजपट्टी लघुगणकी असल्याने एवढ्याशा फरकाचा अर्थ आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढली असा होतो, आणि शंख-शिंपल्यांच्या प्राण्यांना कवच बांधणे त्यामुळे अवघड होते.

प्रश्न : शास्त्रज्ञ जुन्या तापमानाच्या नोंदी ‘सुधारून’ घेतात असे वाचले. हवा तो निष्कर्ष काढण्यासाठी केलेली ही हेराफेरी नव्हे कशावरून?
— एक लेखापरीक्षक

उत्तर : लेखापरीक्षकाने हा प्रश्न विचारावा हे रास्तच आहे, म्हणून तपशीलच देतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान पूर्वी खलाशी बादलीने पाणी वर ओढून मोजत. कॅनव्हासच्या बादलीतील पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने थंड होई, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येई. पुढे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदवले जाऊ लागले. ते इंजिनखोलीच्या उष्णतेने थोडे जास्त येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बहुतांश नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि त्या इंजिनाकडच्या पाण्याच्या होत्या. १९४५ नंतर ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढला आणि ती बादली वापरीत. परिणामी कागदावर सारे महासागर १९४५ साली एकाएकी थंड झाले. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील डेव्हिड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खोटा उतार २००८ साली उलगडून दाखवला. अशी नोंद जशीच्या तशी वापरणे हाच अप्रामाणिकपणा ठरला असता.

आता निकालाकडे पाहा. बादलीच्या जुन्या नोंदी वर सरकवल्याने भूतकाळ थोडा अधिक उबदार ठरतो, म्हणजे जमीन आणि समुद्र यांचा एकत्र विचार केल्यास सुधारणांमुळे दीर्घकालीन तापमानवाढ किंचित कमीच दिसते. हवा तो निष्कर्ष काढायचा असता तर कोणी उलट्या दिशेने हिशेब केला नसता. बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना तुमच्यासारखीच शंका होती. त्यांनी स्वतंत्र गट उभारून जमिनीवरील तापमानांची नव्याने, स्वतःच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासणी केली, आणि २०११-१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आधीच्या गटांशी जुळले. त्यांनी ते जाहीरपणे मान्यही केले. कच्च्या नोंदी आणि सुधारलेल्या नोंदी, दोन्ही आज उपलब्ध आहेत.

प्रश्न : दहा दिवसांनंतर पाऊस पडेल की नाही हे सांगता येत नाही आणि पन्नास वर्षांनंतरचे तापमान मात्र सांगता येते, हे कसे पटावे?
— तीन पत्रांतून आलेला प्रश्न

उत्तर : या दोन प्रश्नांची जात वेगळी आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली आपल्या संगणकावरील छोट्या प्रारूपात आधीची एक गणना मधूनच पुन्हा सुरू केली. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ ही संख्या होती, छापील कागदावर ती ०.५०६ अशी आली होती, आणि त्यांनी कागदावरची संख्या भरली. काही काळ दोन्ही गणना सारख्या चालल्या, मग फाकत गेल्या आणि शेवटी त्यांच्यात काहीच साम्य उरले नाही. आरंभीच्या स्थितीतील अतिसूक्ष्म फरक कालांतराने सारे चित्र बदलतो, आणि वातावरणाच्या बाबतीत ही मर्यादा साधारण दोन आठवड्यांची आहे. म्हणूनच युरोपातील मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र एकच गणना न करता किंचित वेगवेगळ्या आरंभांपासून पन्नासच्या आसपास गणना करते आणि त्यांपैकी किती गणना पाऊस दाखवतात ते पाहते.

पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या दिवशी काय होईल, हे कोणीही सांगत नाही. सांगितली जाते ती सरासरी, आणि ती आरंभीच्या स्थितीवर नव्हे, तर पृथ्वीला किती ऊर्जा मिळते व ती किती परत सोडते यावर ठरते. जानेवारीतल्या अमुक दिवसाचे तापमान सांगता आले नाही, तरी जानेवारीपेक्षा मे उष्ण असेल हे आपण बिनदिक्कत सांगतो, ते याच आधारावर. अमेरिकेतील एका सरकारी प्रयोगशाळेत, जी पुढच्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात गेली, स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली गणित करून दाखवले की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृष्ठभाग सुमारे २.३ अंशांनी तापेल, आणि त्याच वेळी स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, थंड होईल. यातील दुसरा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सूर्याची तीव्रता वाढल्यामुळे तापमान वाढत असते तर दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात पुढच्या दशकांतील मापनांत खालचे वातावरण तापलेले आणि स्थितांबर थंड झालेले आढळले. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अनिश्चितता नाही असे नव्हे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी वाढ १९७९ च्या अहवालात १.५ ते ४.५ अंश अशी दिली होती. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात संभाव्य पल्ला २.५ ते ४ अंश असा आहे. चार दशकांच्या कष्टांनंतर एवढाच अरुंद झालेला पल्ला पाहून निराशा वाटू शकते. मुख्य अडचण ढगांची आहे. खालचे दाट ढग सूर्यप्रकाश परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि ढगांतील हालचाली प्रारूपाच्या चौकटींपेक्षा कितीतरी लहान असल्याने त्या अंदाजे धराव्या लागतात.

प्रश्न : एखादी उष्णतेची लाट हवामानबदलामुळेच आली, असे दोन आठवड्यांत कसे जाहीर करतात?
— एक पत्रकार

उत्तर : ‘मुळेच’ असे काळजीपूर्वक काम करणारा गट म्हणत नाही. प्रारूपात आजचे जग हजारो वेळा चालवले जाते, मग माणसाने सोडलेले वायू वगळून तेच जग पुन्हा चालवले जाते, आणि तशी लाट दोन्हींत किती वेळा येते ते मोजले जाते. २००३ च्या युरोपातील उन्हाळ्याविषयी ब्रिटिश हवामान खात्यातील पीटर स्टॉट यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांसह २००४ साली असा निष्कर्ष मांडला की, मानवी प्रभावामुळे तशा उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली असण्याचीच संभाव्यता फार मोठी आहे. पद्धत आधीच तपासून प्रसिद्ध झालेली असल्यामुळे नव्या घटनेला ती लवकर लावता येते. उष्णतेच्या लाटांबाबत अशी उत्तरे सर्वांत भरवशाची असतात, अतिवृष्टीबाबत त्याहून कमी, आणि गारपीट किंवा टोर्नेडोसारख्या चक्रीवाती वादळांबाबत फारच कमी. बातमी लिहिताना एवढा भेद राखावा.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे काही मिनिटांत अंदाज देतात. मग भौतिकशास्त्रावर आधारलेल्या प्रारूपांची गरज संपली का?
— संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : संपलेली नाही. २०२३ पासून पुढे आलेली ही प्रारूपे अनेक कसोट्यांवर जुन्या प्रारूपांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली, हे खरे आहे. पण ती शिकली कशावरून? बहुतेक ‘ईआरए-५’ या नोंदसंग्रहावरून, आणि तो संग्रह भौतिकशास्त्रीय प्रारूपात जगभरातील निरीक्षणे मिसळूनच तयार होतो. शिवाय ज्या हवामानाचा दाखला भूतकाळात नाही, तिथे केवळ दाखल्यांवरून शिकलेले प्रारूप कसे वागेल याची हमी देता येत नाही. हवामानबदलाचा प्रश्न नेमका तिथला आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर वेळ आहे, शास्त्राचे शिक्षण नाही. घरबसल्या काही मदत करता येईल का?
— बँकेतून निवृत्त झालेल्या एक वाचक

उत्तर : निश्चित येईल. रेडिंग विद्यापीठातील एड हॉकिन्स यांनी २०२० च्या वसंतात ब्रिटनमधील पावसाच्या हस्तलिखित नोंदींची छायाचित्रे लोकांसमोर ठेवली, आणि हजारो स्वयंसेवकांनी ५० लाखांहून अधिक आकडे १६ दिवसांत संगणकात उतरवले. जहाजांच्या जुन्या रोजनिशांवरही असेच काम झाले आहे. प्रत्येक आकडा अनेक जणांकडून उतरवून घेतला जातो, त्यामुळे एखाद्याची चूक निकालात शिरत नाही. इथे लागते ते सुवाच्य नसलेले हस्ताक्षर वाचण्याचे कसब, आणि ते बँकेत मुरलेल्या माणसाकडे असणारच.

प्रश्न : मला या विषयात संशोधन करायचे आहे. कोणती पदवी घ्यावी?
— बारावीची एक विद्यार्थिनी

उत्तर : भौतिकशास्त्र किंवा गणित ही सर्वांत सोयीची वाट आहे, पण एकमेव नव्हे. वॉकर आणि लॉरेन्झ मूळचे गणिती होते, कीलिंग रसायनशास्त्रज्ञ. कलनशास्त्र आणि विकलक समीकरणे यांना पर्याय नाही, संख्याशास्त्र लोक टाळतात म्हणून तू टाळू नकोस, आणि संगणकाची एखादी भाषा पदवीच्या पहिल्या वर्षीच शीक. १९४० पासूनच्या हवेच्या तासागणिक नोंदी आणि आर्गोची निरीक्षणे विनामूल्य मिळतात, तेव्हा सरावासाठी प्रवेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढे संशोधनासाठी विभाग निवडताना इमारत आणि संगणक यांखेरीज दोन गोष्टी विचार : त्या विभागाची स्वतःची अशी किती वर्षांची निरीक्षणे आहेत, आणि ती घेणारी माणसे कायम नेमणुकीवर आहेत की दर तीन वर्षांनी बदलतात.